चादर गॅलरीतच वाळू दे

वैशू, रोज सकाळी धुतलेली चादर तू गॅलरीत न घालता आतल्या खोलीत पंख्याखाली वाळत घालतेस, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. रोज तीच चादर दोरीवर दिसली की समोरच्या काकू काय ते ओळखतील, ही तुझी धास्ती. ओळखू देत. पंख्याखाली वाळलेल्या चादरीला कुबट वास राहतो, आणि तो वास आपल्यालाच येतो असं चिनूला वाटायला लागलंय. परवा तो माझ्याजवळ झोपायला तयार नव्हता. का, ते मी विचारलं नाही.

अगं, पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा जणांची गादी रात्री ओली होते. सातव्या वर्षी हे प्रमाण पाच ते दहावर येतं. चिनूच्या वर्गात चाळीस मुलं असतील, तर त्याला धरून दोन ते चार तरी अशी असणार. त्यांच्याही आया पंख्याखालीच चादरी वाळवत असतील.

आता त्या सेंटरबद्दल. तू पाठवलेलं माहितीपत्रक मी नीट वाचलं, फीचा आकडा जरा जास्तच नीट वाचला. त्यांचं म्हणणं असं, की चिनूची ‘स्पायनल गॅलंट’ नावाची प्रतिक्षिप्त क्रिया बाळपणीच मागे पडायला हवी होती, ती अजून जागी आहे. सहा महिने व्यायाम घेऊन ती शमवली की अंथरूण कोरडं राहील. हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. त्यातलं निम्मं खरं आहे आणि म्हणूनच आपल्यासारख्या माणसांचा गोंधळ उडतो.

चिनूला आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आठवतात ना? पाय लांब करून बसायच्या, त्याला नडग्यांवर पालथा घालायच्या आणि पाठीला तेल चोळायच्या. कण्याच्या एका बाजूने बोट फिरलं की त्याची कंबर त्याच बाजूला वळायची. हाच तो गॅलंट रिफ्लेक्स. योहान गॅलंट या डॉक्टरने १९१७ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. तळहातावर बोट ठेवलं की बाळ मूठ आवळतं, भांडं पडलं की दोन्ही हात फाकवून दचकतं, गालाला स्पर्श झाला की दूध शोधत तोंड वळवतं, हे सगळं त्याच कुळातलं. मेंदूची वाढ होत जाते तशा या क्रिया मागे पडतात. गॅलंट साधारण सहा महिन्यांच्या सुमारास ओसरतो.

काही थेरपिस्टांच्या मते काही मुलांत तो ओसरतच नाही. मग शाळेत पँटचं इलॅस्टिक कमरेला घासलं की मूल चुळबुळ करतं आणि रात्री चादर पाठीला घासली की झोपेतच मूत्राशय रिकामं होतं. ऐकायला पटतं, नाही? त्यात एक खरा धागाही आहे. तान्ह्या बाळाच्या कमरेजवळ चोळलं की ते खरोखरच शू करतं, त्या मावशींच्या साडीने ते किती वेळा सोसलंय. २०१३ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी याचाच उपयोग करून नवजात बाळांच्या लघवीचा नमुना नळी न घालता घ्यायची रीत प्रसिद्ध केली. बाळाला पोटभर पाजायचं, काखांत धरून उभं लोंबतं ठेवायचं, ओटीपोटावर बोटांनी हलकं थोपटायचं आणि मग कमरेच्या दोन्ही बाजूंना गोल चोळायचं. थोड्याच वेळात काम होतं.

पण हे झालं काही दिवसांच्या बाळाचं. लघवी रोखणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. चिनू शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत रोखून धरतो. त्याच्या मेंदूचा मूत्राशयावरचा ताबा दिवसा उत्तम आहे, अडचण फक्त झोपेत येते. नवजात बाळात जे होतं त्यानेच सात वर्षांच्या मुलाची गादी ओली होते, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि रिफ्लेक्स शिल्लक आहे हे ठरवतात कसं? मुलाला हातागुडघ्यांवर ओणवं करतात, कण्याच्या बाजूने बोट किंवा ब्रश फिरवतात आणि कंबर हलली की झालं निदान. आपल्या चिनूला शर्टाचं लेबल टोचलं तरी गुदगुल्या होतात. तो त्या परीक्षेत नापास होणार हे मी इथे बसून सांगू शकते.

माहितीपत्रकात ‘संशोधनाने सिद्ध’ असंही ठळक छापलंय. या विषयात नेहमी पुढे केला जाणारा एक अभ्यास आहे, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला, २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात आलेला. केला होता चांगला, मुलांचे गट पाडून, तुलना ठेवून. पण तो वाचनात मागे पडणाऱ्या मुलांचा होता. त्यातला रिफ्लेक्सही निराळा, मान एका बाजूला वळवली की त्या बाजूचा हात ताठ होण्याचा. गादीशी त्याचा काही संबंध नव्हता. मुलांच्या लघवीच्या तक्रारींवर काम करणाऱ्या डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इंटरनॅशनल चिल्ड्रन्स कॉन्टिनन्स सोसायटी. तिच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या फळीचे उपचार दोनच आहेत, अलार्म आणि डेस्मोप्रेसिन नावाचं औषध. त्यांच्याकडे येतेच मी.

‘पण ताई, तिथल्या कितीतरी मुलांना फरक पडलाय,’ असं तू म्हणशील. पडला असेलच. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांपैकी साधारण पंधरा टक्के मुलं दरवर्षी काहीही न करता कोरडी होतात. शंभर मुलांना तू वर्षभर नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्यास तरी पंधरा आया म्हणतील, टाळ्यांनी गुण आला. त्यांचे व्हिडिओ निघतात. उरलेल्या पंच्याऐंशी जणी व्हिडिओ करत नाहीत, त्या सकाळी उठून चादर धूत असतात. काळे तीळ आणि गूळ, दुधात भिजवलेली खारीक, हे आपले घरगुती उपायही असेच टिकून राहिले असावेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तीळगूळ पोटात गेलेला बरा, आणि त्याची फी नसते.

मग खरं काय होतं, तर तीन गोष्टींचा मेळ बसत नाही. रात्री मेंदूतून एक संप्रेरक जास्त सुटतं आणि मूत्रपिंडं लघवी कमी करतात. काही मुलांत ही रात्रपाळी उशिरा सुरू होते, त्यामुळे रात्रीही दिवसाइतकीच लघवी तयार होत राहते. काहींच्या मूत्राशयात मावतंच कमी, किंवा ते पुरतं भरण्याआधीच आवळायला लागतं. आणि तिसरी गोष्ट, मूत्राशय भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचत नाही. तुझ्या घरात फटाके वाजले तरी चिनू उठत नाही, हे तूच मला कौतुकाने सांगत होतीस. यात त्याचा हट्ट, आळस किंवा खोडसाळपणा कुठे बसतो, सांग बरं?

हे बरेचदा घराण्यातून येतं. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता सुमारे चव्वेचाळीस टक्के, दोघांना असेल तर सत्त्याहत्तर. म्हणून तुझ्या सासूबाईंना सुधीरच्या लहानपणाबद्दल एकदा सहज विचार. आमच्याकडे मी विचारलं तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि हे पेपरमागे गेले. आपल्या बाबांचीही गादी ओली व्हायची, हे कळल्यावर आमच्या थोरल्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो कुठल्याही बक्षिसाने आला नसता. सुधीरचंही तसंच निघालं तर त्याला सांग, ही गोष्ट चिनूला त्याने स्वतःच्या तोंडून सांगायची.

आता मला ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. नाक मुरडू नकोस, चिनूची शी कशी होते? रोज होते का? कडक, लेंड्यांसारखी होते का? चड्डीला डाग असतात का? मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक मूत्राशयाच्या अगदी पाठीमागे असतं. तिथे मळ साठून राहिला की तो मूत्राशयाला दाबतो, त्यात मावतं कमी आणि ते अवेळी आवळतं. १९८६ मध्ये माँट्रियलच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, की अंथरूण ओलं होण्यामागचं बद्धकोष्ठ हे कारण पुष्कळदा कुणाच्या ध्यानातच येत नाही. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेत आयोवाला जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या ज्यांचं पोट नीट सुटायला लागलं, त्यांपैकी रात्री ओलं करणाऱ्या त्रेसष्ट टक्के मुलांचं ओलं करणं थांबलं. विचार कर, गादीला हातही न लावता!

आणि आपल्या मुलांचा दिवस बघ. सकाळी सातची शाळा, उठल्यापासून धावपळ, संडासात निवांत बसायला वेळ नाही. शाळेतलं बाथरूम घाण, म्हणून तिथे जायचं नाही. जायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. बाटली जशी गेली तशी परत येते. मग घरी आल्यावर, खेळून झाल्यावर, रात्रीच्या जेवणासोबत तांब्याभर पाणी एकदम पोटात. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू केली, ती उगाच नाही. चिनूच्या वर्गशिक्षिकेशी बोल. तासाला मध्येच बाथरूमला जाऊ द्या आणि बाटली बाकावर ठेवू द्या, एवढंच मागायचंय. दिवसभराच्या पाण्याचे ढोबळ पाच वाटे कर. दोन दुपारपर्यंत, दोन संध्याकाळी पाचपर्यंत, आणि उरलेला एकच त्यानंतर. रात्री घसा कोरडा ठेवून त्याला झोपवू नकोस, तो जाच आहे आणि त्याचा उपयोगही नाही. रात्रीचं चॉकलेटचं दूध आणि चहा मात्र बंद.

नाश्ता झाला की रोज पाच-दहा मिनिटं त्याला संडासात बसव, झाली नाही तरी. तुमच्याकडे कमोड आहे आणि त्याचे पाय हवेत लोंबकळतात. पायाखाली पाट दे. गुडघे वर आले की जोर नीट लागतो, भारतीय संडासात हे आपोआप होत होतं. डब्यात बिस्किटं आणि मैद्याचे रोल कमी, पेरू, पपई, भाकरी-भाजी जास्त. एवढ्याने भागलं नाही तर मऊ करणारं औषध डॉक्टर देतात आणि ते काही महिने चालू ठेवावं लागतं. चार दिवसांत शी मऊ झाली म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही.

डॉक्टर म्हटलं, तेव्हा हे ठासून सांगते. व्यायाम, तीळगूळ, अलार्म, यांतलं काहीही सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखव. लघवीची साधी तपासणी होईल, त्यात साखर आणि जंतुसंसर्ग दिसतो. मूल सहा महिने कोरडं राहून पुन्हा ओलं करायला लागलं, तर कधी घरातलं नवं बाळ किंवा शाळाबदल कारण असतो. पण त्यासोबत तहान वाढली असेल, वजन घटत असेल, तर त्याच दिवशी साखर तपासायची, उद्यावर टाकायचं नाही. लघवीला जळजळ, दिवसाही चड्डी ओली, धार बारीक, चालण्यात फरक, कमरेवर खड्डा किंवा केसांचा झुपका, यांतलं काही असेल तर आवर्जून सांग. घोरतो का तेही सांग. नाकामागच्या गाठी वाढून श्वास अडत असेल तर त्याचाही रात्रीच्या लघवीशी संबंध असतो. रिफ्लेक्सच्या व्यायामात माझी खरी भीती ही आहे. व्यायामाने इजा होत नाही, पण सहा महिने त्यात गेले आणि खरं कारण तसंच बसून राहिलं तर?

शनिवारी-रविवारी घरी एक छोटं काम कर. जुना मोजकप घे आणि चिनूला त्यात शू करायला सांग, त्याला गंमत वाटेल. सकाळची पहिली सोडून दिवसभरात सगळ्यात जास्त किती भरते ते लिहून ठेव. किती भरायला हवी ते काढायला वयात एक मिळवून तिसाने गुणायचं. सात वर्षांच्या मुलाला सुमारे दोनशे चाळीस मिलिलिटर. त्यापेक्षा बरीच कमी भरत असेल तर मूत्राशय लहान किंवा दाबलेलं आहे, हे डॉक्टरांना त्या कागदावरून लगेच कळतं.

आता अलार्म. त्याची गोष्ट मजेशीर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने वॉर्डातल्या नर्सना कळावं म्हणून गादीखाली घंटा बसवली, की मूल ओलं झालं, कपडे बदला. पाहतो तर काही मुलं हळूहळू कोरडीच राहायला लागली. पुढे १९३८ मध्ये मोवरर नावाच्या अमेरिकन नवरा-बायकोने त्यातून रीतसर उपचार उभा केला. आता चड्डीला लावायचा चिमुकला सेन्सर मिळतो. पहिला थेंब पडला की तो ओरडतो. साधारण दोन-तृतीयांश मुलांना त्याने गुण येतो.

पण आधीच सांगते, सुरुवातीचे काही आठवडे त्या आवाजाने घरातले सगळे उठतात, फक्त चिनू उठणार नाही. तू किंवा सुधीरने उठून त्याला पुरतं जागं करायचं, अर्धवट झोपेत उचलून न्यायचं नाही. त्याने स्वतः बाथरूमला जायचं, स्वतः चड्डी बदलायची, मग अलार्म पुन्हा लावायचा. सलग चौदा रात्री कोरड्या जाईपर्यंत हे चालतं, म्हणजे दोन-तीन महिने धर. म्हणून सुधीरला आधी पटव. परीक्षेच्या आठवड्यात किंवा घरात पाहुणे असताना सुरू करू नकोस. आणि चिनूची स्वतःची इच्छा हवी, नाहीतर तो झोपेत सेन्सर काढून उशीखाली ठेवेल. आमच्याने ठेवला होता. तू सध्या रात्री एक वाजता त्याला झोपेतच उचलून नेतेस, त्याने चादर वाचते पण तो शिकत काही नाही. दमली असशील त्या रात्री खुशाल ने. त्याला उपचार म्हणू नकोस, इतकंच.

डेस्मोप्रेसिनची गोळी त्या रात्रीपुरती लघवी कमी करते, त्यामुळे शाळेची निवासी सहल किंवा मामाकडचं लग्न असेल तेव्हा फार सोयीची. पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळजवळ नाही, हा नियम कडक पाळायचा. पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. सहलीच्या आधी घरी दोन-तीन रात्री देऊन बघतात, थेट सहलीला नाही.

राहिले ते व्यायाम. त्यातले बरेचसे तुझे तुलाच घेता येतील. जमिनीवर उताणं झोपून हातपाय हळूहळू पसरायचे आणि मिटायचे, हातागुडघ्यांवर येऊन पुढे-मागे झुलायचं, गोधडीत गुंडाळून लोळण घ्यायची. झोपायच्या आधी दहा मिनिटं कर त्याच्याबरोबर, मोबाइल बाजूला ठेवून. मूल शांत होतं, आईचा हात पाठीवर फिरतो. मला विचारशील तर त्यातली खरी किमया त्या हाताची आहे, गॅलंटची नाही. याआधी एकदा शू, मग व्यायाम, गोष्ट, आणि दिवा मालवताना पुन्हा एकदा शू. ही दुसरी फेरी चुकवायची नाही. मूत्राशयात उरलेलं त्यात निघून जातं.

चिनूला चांदणी द्यायची असेल तर कोरड्या रात्रीबद्दल देऊ नकोस, झोपेत जे होतं ते त्याच्या हातात नाही. पाणी वेळेवर प्यायला, दुसऱ्या फेरीला न सांगता उठला, त्याला द्यायची. सकाळी चादर काढायला त्याने मदत करावी, बादलीपर्यंत न्यावी, पण शिक्षा म्हणून नव्हे आणि त्याच्या ताईसमोर तर मुळीच नव्हे. तिने ‘मुत्र्या’ म्हटलं तर मात्र तिच्याकडे तू बघायचंस. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर असा दुहेरी थर घाल. रात्री वरचा थर ओढून काढला की झालं, पलंग पुन्हा तयार.

सेंटरवाल्यांना नाही म्हणायला तुला जड जातंय, माहीत आहे. मैत्रिणीने नंबर दिलाय. मग त्यांना एकच विचार, आम्ही डॉक्टरांना दाखवून अलार्म सुरू करतोय, सोबत तुमचे व्यायाम केले तर चालतील का? जाणता फिजिओथेरपिस्ट असेल तर ‘जरूर’ म्हणेल, कदाचित पोट साफ होतं का तेही विचारेल. अशा माणसाकडे एखाद-दुसऱ्या सत्राचे पैसे देऊन व्यायाम शिकून घ्यायला माझी हरकत नाही. ‘आमचं चालू असताना बाकी सगळं बंद’ असं म्हणाले, तर ॲडव्हान्स भरू नकोस, आणि मैत्रिणीला माझं नाव सांग.